दोन बादल्यांतल्या दोन पळ्या

माझ्या धाकट्याला वाटतं, या घरात अक्कल फक्त त्यालाच मिळाली आहे. समुद्राकाठी जुन्या जहाजांचं संग्रहालय आहे, तिथं तो कामाला. तिथलं पाण्याचं टाकं गळायला लागलं, म्हणून बुडालेल्या जहाजातली एक लाकडी पळी त्यानं लाल बादलीत पाण्यात बुडवून घरी आणली आणि चार दिवस आमचं न्हाणीघर अडवलं.

"आई, हात लावू नकोस हं. दोनशे वर्षं समुद्रात भिजलेलं लाकूड आहे. पाण्याबाहेर राहिलं की तडकलंच."

"पन्नास वर्षं स्वयंपाक केलाय मी. मला पळी शिकवतोस?"

"तरी हात लावू नकोस."

दिवसातून दहा वेळा हेच. त्याचं तोंड दुखलं नाही, माझे कान दुखले. पण पोराचा जीव टांगणीला होता, हे मलाही दिसत होतं. गुरुवारी तपासणीच्या बाई यायच्या होत्या. पळी धड दिसली तर सहा वर्षांची हंगामी नोकरी पक्की होणार, नाहीतर तीही जाणार.

गुरुवारी अंघोळीच्या घाईत त्यानंच बादल्या इकडच्या तिकडे केल्या आणि पळी डब्यात घालून पळाला. नंतर मी माझी लाकडी पळी घ्यायला गेले. करपलेलं चिकटलं होतं म्हणून रात्री भिजत टाकली होती. बघते तर काय, कडी तुटलेली माझी बादली रिकामी, आणि त्याच्या लाल बादलीत पळी जशीच्या तशी!

म्हणजे हा माझीच पळी घेऊन गेला!

"सूनबाई, झाकणाचा डबा आण, पाण्यानं भरून!"

"अहो आई, हात लावायचा नाही म्हणालेत ना ते?"

"मी नाही लावत. तू लाव."

बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले. वळण आलं की अर्धं पाणी माझ्या अंगावर. शेजारची बाई नाक मुरडून सरकली. सरकेना का! पळी बुडालेली आहे की नाही, एवढंच मी दर थांब्याला झाकण उचलून बघत होते.

पोचले तेव्हा तपासणीच्या बाई काचेच्या पेटीवर वाकल्या होत्या. आत पाण्यात माझी पळी ऐटीत पहुडलेली. धाकटा मला बघून हसला. मग त्यानं डबा बघितला, मग माझं तोंड बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"जहाजावरचा आचारी गबाळा असावा," बाई म्हणाल्या. "पळी विस्तवावर टाकून विसरला."

मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"पण थांबा. एवढं जळलंय? म्हणजे जहाज वादळानं नाही बुडालं, आगीनं बुडालं! केवढी मोठी गोष्ट!" बाईंनी वही उघडून भराभरा लिहिलं. "तुमची नोकरी पक्की समजा."

धाकटा डोळ्यांनीच विनवत होता, आई, गप्प राहा. राहिलेही असते. पण वादळात बुडालेली माणसं माझ्या शेगडीवर कशी जाळू? आणि म्हणे गबाळा!

"बाई," मी म्हटलं, "ती आग माझ्या घरी लागली. हा नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडला, तेव्हा पळी शेगडीवर टाकून धावले होते मी. तुमची पळी या डब्यात आहे."

बाईंनी झाकण काढून पळी चहूबाजूंनी निरखली.

"एकही तडा नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "कुणी सांभाळली?"

"यानंच. जन्मदात्या आईला चार दिवस जवळ फिरकू दिलं नाही."

"मग बदलली कुणी?"

"तेही यानंच."

बाईंनी आगीची ओळ खोडली. पेन नोकरीच्या ओळीवर येऊन थांबलं.

"ही राहू दे," बाई म्हणाल्या. "पण यापुढे काहीही घरी न्यायचं नाही."

बाहेर आल्यावर धाकटा माझी पळी रुमालानं पुसत होता. "आई, आज तू..."

"तू आधी ऐक," मी म्हटलं. "दोनशे वर्षांची पळी ओळखणारा म्हणून तुला नोकरीत ठेवलंय, आणि जिनं तुझं ताट रोज वाढलं, ती पळी तुला ओळखता आली नाही. आजपासून माझ्या बादलीला हात लावू नकोस."