नाना आफ्राच्या दारातला अंधार

क्वाबेना टुफुओरला एचडीआर जमायला लागल्यापासून बांटामातला एकही माणूस साध्या चेहऱ्यानं स्वर्गात गेला नव्हता.

कुमासी शहरात माणूस गेला की आधी फ्लेक्सवाला गाठतात, आणि बांटामा वस्तीत फ्लेक्सवाला म्हणजे क्वाबेना. त्याचं एचडीआर म्हणजे एकाच फोटोच्या तीन नकला: एक काळपट, एक मधली, एक पांढरीफटक. तिन्ही एकावर एक बसवल्या की फोटोत म्हणून काही लपून राहत नसे. गळ्यातला मणी न् मणी मोजून घ्यावा. सुरकुत्या अशा उठत की हात फिरवायचा मोह व्हावा. मागचं आभाळ इतकं निळं-जांभळं होई की बिचारा मृतात्मा वादळात सापडलाय असं वाटे. ज्याला जन्मात कोट मिळाला नाही त्याला क्वाबेना कोट चढवी, मग त्या कोटाची वीणसुद्धा दिसे. गिऱ्हाइकं खूश होती, त्यामुळे क्वाबेना जरा जास्तच खूश होता.

त्या सोमवारी सेरवा आली. बाजारात तिचं कापडाचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक नुसत्या आवाजानं ओढून आणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मास्टर, आई गेली."

"कळलं, आँटी. वाईट झालं."

"वाईट कसलं? ब्याऐंशी वर्षांची होती. सगळ्यांनी पांढरं-काळं नेसून, वाजतगाजत पाठवायचीय तिला. फ्लेक्स असा कर की मावशीकडच्यांचे डोळे फाटले पाहिजेत. मावशीच्या सासूचा गेल्या वर्षीचा बघितलास ना? म्हातारी भिंतीवरच्या ओलीसारखी दिसत होती."

फोटो नातीनं नाताळात मोबाइलवर काढलेला. सेरवाची आई, नाना आफ्रा, आपल्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसलेली, पांढरं कापड, चेहऱ्यावर टळटळीत दुपार. मागं उघडं दार आणि दारात मिट्ट काळोख.

क्वाबेनानं जीव ओतला. नाना आफ्राचे त्याच्यावर उपकार होते. त्याच्याकडे नुसता कॅमेरा होता, दुकान नव्हतं, तेव्हा तिनं त्याला आपल्या ओसरीवर बसून धंदा करू दिला होता. तिन्ही नकला एकावर एक बसल्या, उजेड कोपऱ्याकोपऱ्यात शिरला. नमुना बघायला सेरवा आली तेव्हा तिनं आईच्या गळ्यातले मणी बघितले, नावाचं स्पेलिंग बघितलं, दुःखी कुटुंबीयांच्या नावांत मावशी खालच्या ओळीत आहे याची खात्री केली. क्वाबेना सुरकुत्यांकडे बघत होता. दाराकडे कोणीच बघितलं नाही.

गुरुवारी फ्लेक्स चौकात चढला, दुमजली घराएवढा. आपलं काम बघायला क्वाबेना रस्त्यापलीकडे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एक ट्रोट्रो गाडी हळू झाली आणि कंडक्टर दारातून अर्धा बाहेर आला.

"मास्टर, झकास. पण मागचा म्हातारा कोण?"

"कुठला म्हातारा?"

"तो काय, टॉवेलवाला."

क्वाबेनानं मान वर केली. दारातला काळोख पार उजळला होता. आत एक खाट होती आणि खाटेवर, कमरेला टॉवेल गुंडाळून, अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावलेला एक हडकुळा म्हातारा बसला होता. एचडीआरमुळे त्याच्या फासळ्या रस्त्यावरून मोजता येत होत्या. आणि तो म्हातारा म्हणजे ओपानिन ड्वोमो होता.

ओपानिन ड्वोमो चर्चचा ज्येष्ठ. लग्नाचे विधी न करता एकत्र राहणाऱ्यांवर दर रविवारी तोंडसुख घेणारा. खुद्द क्वाबेनाला त्यानं याच कारणावरून वर्षभर मागच्या बाकावर बसवलं होतं. तो विधुर, नाना आफ्रा विधवा, दोघांनाही एकटं होऊन जमाना झालेला. खरं तर क्वाबेनाला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या, पण शरमेनं त्याचे कान तापले. ज्या बाईनं त्याला ओसरी दिली, तिनं जपून अंधारात ठेवलेलं त्यानं चौकात आणून टांगलं होतं.

तो धावत जाऊन शिडी आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. ज्यांनी फ्लेक्सकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, ते आता मास्टर शिडीवर काय करतोय म्हणून थांबले. केळीवाली थांबली, तिच्यामुळे तिची गिऱ्हाइकं थांबली. क्वाबेनानं घाईघाईत खालून सुरुवात केली. पहिल्या फटक्यात टॉवेल झाकला गेला. वरचा रंग मात्र गुळगुळीत फ्लेक्सवर ठरेना, ओघळून खाली आला. आता म्हातारा होता तसाच होता, फक्त टॉवेल नव्हता.

"आधी बरा होता की," केळीवाली म्हणाली.

"मास्टर, खाली उतर."

हा आवाज सेरवाच्या मामाचा, घराण्याच्या प्रमुखाचा. त्याला सगळे वोफा, म्हणजे मामाच, म्हणत.

"वोफा, चुकून झालं."

"ते राहू दे. फ्लेक्सवर माणूस आहे, मग त्याचं नाव कुठाय? आमच्या घराण्याच्या फ्लेक्सवर बिननावाचं कोणी नसतं. लोक विचारतायत, हा कोण लागतो? मी काय सांगू?"

तेवढ्यात सेरवा आली. तिनं वर बघितलं. बोलली तेव्हा तिचा तो बाजारातला आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"तिथं काळोख होता, मास्टर."

"हो, आँटी."

"मग तो घालवायला तुला कोणी सांगितलं होतं?"

सेरवानं कापडाचा पदर तोंडावर ओढला आणि घराकडे निघून गेली. आई गेल्यापासून ती अजून रडली नव्हती. ती पहिल्यांदा रडली ती क्वाबेनाच्या फ्लेक्समुळे. आता धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला वाटलं. पण हातात रंगाचा डबा होता आणि शिडी केळीवालीची होती, ती परत करणं भाग होतं.

त्यानं दुसरा फ्लेक्स छापला. साधा फोटो, साधं आभाळ, दारात पहिल्यासारखा अंधार. शुक्रवारी तो चढला, आणि आता सगळं बांटामा नाना आफ्राला सोडून त्या अंधाराकडेच टक लावून बघू लागलं.

शनिवारी, अंत्यसंस्काराच्या सकाळी, दुकानात काठीचा आवाज झाला. ओपानिन ड्वोमो आत येऊन बाकावर टेकला. अंगावर शोकाचं काळं कापड, गाल गुळगुळीत. क्वाबेना खुर्चीवरून उठला आणि कुठं उभं राहावं ते न कळून तिथंच घोटाळला.

"बाजारात माझ्या फासळ्या मोजतायत म्हणे."

"पापा, माफ करा. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"मलाही नव्हती. काल दिवसभर घरात कडी लावून बसलो होतो. मग सेरवा आली."

"भांडायला?"

"मलाही तसंच वाटलं. म्हणाली, एवीतेवी चौकभर दिसलातच, आता उद्या घरच्यांच्या रांगेत बसा. वोफा म्हणाला, बसा, पण आधी मुलीच्या घरी दारूच्या बाटल्या द्यायच्या असतात त्या द्या. रीत आहे. दिल्या. म्हणजे काल लग्न झालं माझं. आज बायकोला पोचवायचीय."

अभिनंदन म्हणावं तर पंचाईत, वाईट झालं म्हणावं तरी पंचाईत.

"तो पहिला फोटो पुसलास का रे?"

"नाही, पापा. पुसतो आत्ताच."

"नको. आमचा दोघांचा एवढा एकच आहे. एक लहानसा काढून दे, खाटेशी लावायला."

क्वाबेना कॉम्प्युटरपुढं बसला. फोटो उघडला, फासळ्या उजळल्या. दोघांनीही नजर थोडी बाजूला घेतली.

"तेवढं माझ्या अंगावर काहीतरी घाल," ओपानिन ड्वोमो म्हणाला.

"कोट घालू?"

"कोट नको. तिच्यासारखंच पांढरं कापड घाल."

क्वाबेनानं नाना आफ्राच्या कापडाचा तुकडा उचलला आणि जपून, एखाद्याला खरोखर नेसवावं तसा, म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसवला. मग गालाकडे आला.

"आणि हा फेस काढून टाकतो, पापा."

"फेस राहू दे," म्हातारा म्हणाला. "तो तिनं लावला होता."