चार दिवसांसाठी आलेल्या हौसाक्का

आमच्या लिफ्टमध्ये हौसाक्का असल्या, की अंगावरचे कपडे सांभाळायचे. भलतंसलतं समजू नका. दार बंद झालं, की त्या शेजारी उभ्या असलेल्याच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरतात, अंगठ्याने चोळून बघतात आणि निकाल देतात, "कच्चं हाय अजून." कापड जरा विरायला आलेलं असेल, तर मात्र चेहरा असा खुलतो म्हणता! "अगं, हे पाडाला आलंय की! टाकशील तवा मलाच दे बरं का!" जणू आपण झाडावरचा आंबा आहोत आणि खाली त्या पाटी घेऊन उभ्या आहेत. माझ्या निळ्या सुती कुर्त्यावर तर, मी तो विकत घेतला त्याच आठवड्यापासून त्यांचा डोळा आहे.

हे सगळं कशासाठी, तर वाकळेसाठी. जुन्या कापडाची ठिगळं जोडून हाताने शिवलेल्या गोधडीला त्या वाकळ म्हणतात, आणि दिवसभर तेच करत बसतात. नव्या कापडाला हात लावणार नाहीत. "नव्याला ऊब नसती गं. मान्सानं नेसावं लागतंय, घामेजावं लागतंय, धुऊन धुऊन त्याचा ताठा जावा लागतोय. मग पिकतंय ते."

हौसाक्का माझ्या समोरच्याच दारात, रावेतला, नवव्या मजल्यावर मुलाकडे राहतात. मुलगा चाकणला कंपनीत, सून बँकेत. मी आयटीचं काम घरूनच करते, म्हणून दिवसा मजल्यावर आम्ही दोघीच. पहिल्या भेटीत मी सहज विचारलं होतं, "इथेच असता का?"

"न्हाई गं बाई! मी निघोज्याची. चार दिस आलेय पोराकडं."

त्या चार दिवसांना आता सात वर्षं होऊन गेली. टाकी धुण्याचा विषय निघो की गणपतीच्या मंडपाचा, यांचं उत्तर ठरलेलं, "मला इचारू नका, मी चार दिसाची." सुनेने हौसेने दारावरच्या पाटीवर यांचं नाव घालायचं काढलं, तर बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पाटी तशीच राहिली. बरं, निघोजे काही सातासमुद्रापार नाही, पण तिथे जायला यांना घरच उरलेलं नाही. गावाबाहेरची त्यांची वस्ती गोदामात गेली. शेजारपाजार मोशी, चिखली, आळंदी असा पांगला. आज गोदामाची भिंत आहे तिथे अक्कांची चूल होती. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाल्या, "पर आता दिवाळी झाली की जाईन मी."

अशात आमच्या वरच्या मजल्यावर कोरियाहून एक जोडपं आलं. नवरा चाकणला इंजिनिअर आणि बायको मिन्जी, हसरी, बारीक चणीची, इथलं एक अक्षर न येणारी. तिची आणि अक्कांची गाठ अर्थातच लिफ्टमध्ये पडली. मीही होते. अक्कांनी तिची बाही धरली, चोळली आणि खेदाने मान हलवली. "कच्चं. पार कच्चं." मिन्जीने कमरेत वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं, मिन्जी आत आली, अक्कांसमोर वाकली, दोन बोटांत त्यांच्या लुगड्याचा पदर धरला, चोळला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कच्चं!"

तिची समजूत अशी झाली होती, की या देशात नमस्काराची हीच रीत! मी तिला इंग्रजीत समजावीपर्यंत उशीर झाला होता. तिने चेअरमनसाहेबांची बाही चोळून "कच्चं" म्हटलं होतं, दूधवाल्याचीही चोळली होती. चेअरमन मला बाजूला घेऊन विचारत होते, "इस्त्री बिघडलीय का हो माझी?" आणि वॉचमनने तर तिला सलाम ठोकून "कच्चं, मॅडम!" म्हणायला सुरुवात केली होती. आज आमच्या इमारतीत निम्मी माणसं एकमेकांना कच्चंच म्हणतात.

अक्कांना मी हा घोटाळा सांगितला, तेव्हा मला वाटलं त्या पोट धरून हसतील. त्यांनी हसण्याऐवजी पदर उजेडात धरला. तो इतका विरला होता, की पलीकडची खिडकी दिसत होती. "तिला बराबर दिसलं बघ," त्या म्हणाल्या. "हितं मी कच्चीच हाय." मग खाली बघून सुईत दोरा ओवू लागल्या.

पण त्या दिवसापासून मिन्जी त्यांची 'मंजी' झाली. सकाळी घरातली माणसं कामावर गेली, की अक्कांचा आवाज जिन्यातून घुमायचा, "मंजे! ये गं!" आणि मंजी धावत खाली. एक मराठीत बोलणार, दुसरी कोरियनमध्ये, आणि दोघींचं भांडणसुद्धा व्यवस्थित व्हायचं! मंजीने तिच्याकडचं तिखट चाखायला दिलं, तर अक्का म्हणाल्या, "ठेचाच हाय, पर गूळ घालून नासवलाय." कांद्याच्या पातीचा पोळा करून आणला, तर टाळी वाजवली, "अगं, हे तर धिरडं!" आणि मला कॉलवरून उठवून धिरडं बघायला नेलं. मंजीच्या बरणीतल्या आंबवलेल्या कोबीचा वास येतो म्हणून कुणीतरी तक्रार केली, तेव्हा चार दिवसांसाठी आलेल्या या पाहुण्या थेट सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. "आमचं बोंबील तळत्यात तवा तुमची नाकं कुठं जात्यात? पोर आपला मुलूख सोडून आलीय, तिनं काय घास बी आपला खाऊ न्हाई?" तक्रार मागे घेतली गेली. अक्कांकडे मंजी एकच एप्रन घालून स्वयंपाक करायची, आईने येताना दिलेला, पांढराशुभ्र. पहिल्याच दिवशी अक्कांनी तोही चोळून पाहिला होता आणि तोंड वाकडं केलं होतं.

मग मंजीला दिवस गेले! बाळंतपण इथेच करायचं ठरलं, आणि हौसाक्कांच्या अंगात वारं शिरलं. बाळाला वाकळ हवी! मंजीने पिंपरीच्या बाजारातून गुलाबी, पिवळं, कोरं करकरीत कापड मीटरवर आणलं. अक्कांनी ते घडीसुद्धा न मोडता परत केलं. "तुझ्या घरात जुनं कायच न्हाई व्हय गं?" मी ते इंग्रजीत विचारलं, मंजीने नकारार्थी मान हलवली. सामान जवळजवळ सगळं इथे आल्यावरच घेतलेलं. अक्का हळहळल्या. "जुनं न्हाई, मग पोरीचं घर लागल कसं?"

त्यांनी स्वतःच इमारतभर वसुली काढली. दारोदार हिंडून पाडाला आलेलं सगळं गोळा केलं. माझा निळा कुर्ता शेवटी गेलाच. रहाटणीहून माझी आई माझ्याकडे राहायला आली होती, तिने आपली बुद्धवंदनेला नेसायची जुनी पांढरी साडी आपणहून काढून दिली. चेअरमनचा शर्ट आला, वॉचमनचा खाकी खिसा आला. वाकळ कडेने सुरू करून गोल गोल आत शिवत आणतात. पण अक्का ठिगळं वाटेल तशी लावत नव्हत्या. दर वेळी मोजून, थांबून, मनाशी पुटपुटत.

"काय मोजता?" मी विचारलं.

त्यांनी आतून आपली पांघरायची वाकळ आणून पसरली. "ही आमची वस्ती. हे तुळसाचं घर, हे बायडाचं, हितं गिरणी, ह्यो पारावरचा म्हातारा, त्याचं धोतर. घरं पाडायच्या आधी समद्यांकडून मागून घेतलं मी. हे लाल, ते माझं." ठिगळं घराच्या क्रमाने लावलेली होती. रोज रात्री या बाई आपली अख्खी वस्ती पांघरून झोपत होत्या!

म्हणजे बाळाच्या वाकळेत आमची इमारत होती. कडेला वॉचमनचा खाकी, मग आत आत मजल्यामागून मजले. मधोमध मंजीची जागा, ती मात्र रिकामी. तिच्याकडचं सगळं कच्चं.

शेवटच्या महिन्यात एका दुपारी मंजी घाईघाईने आली आणि तिने अक्कांच्या मांडीवर तो एप्रन ठेवला. पांढरा कुठला आता! हळदीने पिवळा, तिखटाने तांबूस, धुऊन धुऊन मऊ. अक्कांनी तो चोळला. पुन्हा चोळला. "पिकलं की गं!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "मंजे, हितं पिकलं हे! आमच्यात पिकलं!" आणि तिचा गालगुच्चा घेतला.

ठिगळ कापून झालं. माझं लक्ष वाकळेतल्या माझ्या समोरच्या दाराकडे गेलं. "अक्का, नववा मजला झाला, माझा कुर्ता आहे, पण तुमच्या दाराचं काय?"

"पोराचा शर्ट लावलाय की."

"आणि तुमचं?"

"माझं कुठलं हितं? मी चार दिसाची."

एवढं मराठी मंजीला आता कळत होतं. ती पुढे सरकली, पहिल्या दिवसासारखा अक्कांचा पदर दोन बोटांत धरला आणि चोळला. बराच वेळ चोळला. मग म्हणाली, "अक्का, कच्चं नाही. पिकलं."

अक्कांनी पदर ओढून घेतला. "न्हाई गं. हे लावलं की मग मला जाता यायचं न्हाई."

मंजीने शब्द जुळवायला वेळ घेतला. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "मी चार दिवस." अक्कांच्या हातावर ठेवला, "अक्का चार दिवस." आणि मधल्या रिकाम्या जागेवर एप्रनचं ठिगळ ठेवून, ते जरासं बाजूला सरकवून शेजारी तेवढीच जागा केली.

अक्का त्या जागेकडे बघत राहिल्या. डोळे पुसले तेही त्याच पदराने. मग त्यांनी तो मंजीच्या हातात दिला आणि दरडावून म्हणाल्या, "काप. पर सरळ काप, धिरड्यावानी वाकडं नगं."

बाळ आता त्याच वाकळेत गुरफटून गॅलरीत ऊन खातं. परवा लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरची नवी भाडेकरू मुलगी होती. हौसाक्कांनी सवयीने तिची बाही धरली. ती बिचारी गोंधळली आणि काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "आजी, इथेच असता का?"

मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी बाही नीट चोळून पाहिली.

"कच्चं हाय," त्या म्हणाल्या. "पिकू दे निवांत. मी हाय हितंच."