शिवलिंगअप्पांच्या लॅपटॉपची डिस्क

शिवलिंगअप्पा माझ्या दुकानात आले की आधी त्यांचा लॅपटॉप खुर्चीवर बसतो. अप्पा उभे राहतात. काउंटरवर ठेवा म्हणलं तर म्हणतात, "दगडाचं गार लागंल त्याला." काउंटरला मी हौसेनं ग्रॅनाइट बसवून घेतलंय आणि त्या ग्रॅनाइटमुळे आजवर एकाही मशीनला सर्दी झालेली नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्यांच्या मशिनीचं ऱ्हाऊ द्या माय. ह्याची तब्येत नाजूक हाय."

नाजूक म्हणे. ती वस्तू पायावर पडली तर बोटांचा भुगा होईल. महेशनं, म्हणजे अप्पांच्या पोरानं, इंजिनिअरिंगला असताना घेतलेला लॅपटॉप तो. जाडीला पाट, वजनाला वरवंटा. बटण दाबून मी चहा सांगते, चहा येतो, पिऊन होतो, कप परत जातो, तरी पडद्यावर ते गोल आपलं फिरतच असतं. महेश पुण्याला नोकरीला लागला तेव्हा होस्टेलची बादली, गादी आणि हा लॅपटॉप घरी टाकून गेला. बादली आणि गादी अप्पांनी भंगारवाल्याला दिली, लॅपटॉप ठेवला. का ठेवला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "जुना माल हाय, पण बेइमान न्हाई."

माझं अंबाजोगाईत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जीभ फटकळ आहे, हे मला सासरमाहेरच्या सगळ्यांनी सांगून झालंय. पण हात चांगला आहे, म्हणून गिऱ्हाईक ऐकून घेतं. त्यात आमचं गाव दवाखान्यांचं. इथं लोकांना मशीनसुद्धा बिघडत नाही, बिमार पडते. "म्याडम, पेशंट सिरियस हाय" असं म्हणत प्रिंटर घेऊन येतात. ह्या सगळ्यांना मी पुरून उरते. अप्पांना मात्र आजवर उरलेली नाही.

अप्पांचं सारं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं. दुकान आता भाड्यानं दिलंय. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटेच असतात, आणि ते घर माझ्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत आहे, हे माझं नशीब. पांढरी टोपी, कपाळाला भस्म, कडक इस्त्रीचा शर्ट. जगातली प्रत्येक वस्तू ते कापड समजून बघतात. माझ्याकडून माऊस घेतला तेव्हा त्याची वायर दोन बोटांत चोळली, ताणली, उजेडात धरली आणि विचारलं, "आटणार न्हाई ना?" मी म्हणलं, धुवून बघा.

आता एवढ्या जुन्या मशीनवर हे गृहस्थ करतात काय, तर पत्ते खेळतात. तेही एकट्यानं खेळायचे. आणि रविवारी महेश 'येतो'. म्हणजे तो पुण्यातच असतो, पण हल्ली तशी सोय असते, तो त्याच्या मशीनवर बसून अप्पांच्या लॅपटॉपात शिरतो. तिकडे त्यानं माऊस हलवला की इकडे अप्पांच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागतो. मोबाइल स्पीकरवर. महेश खेकसतो, "अप्पा, हात लावू नका," आणि आठवडाभरातले अप्पांचे उद्योग निस्तरत बसतो. उद्योग तरी कसले? अक्षरं एवढी मोठी की पडद्यावर चारच मावतात. पत्त्यांचा खेळच गायब. एकदा तर अख्खा पडदा खाली डोकं वर पाय. ज्याला पत्ते पिसण्यापलीकडे काही येत नाही तो माणूस इतकं सगळं बिघडवतो तरी कसा, हे मला कळत नव्हतं. बिघडवायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

तर असे अप्पा एका सकाळी आले. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला. खुर्चीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "माय, ह्याच्या छातीत ठोके पडायलेत."

कान लावला. आतून टक, टक. हार्ड डिस्क गेली होती.

मागचं झाकण उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. आत हळद, कुंकू, अक्षता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, कबूल आहे. मीही माझ्या स्क्रू-ड्रायव्हरला हळदीकुंकू वाहते. पण अप्पा दरवर्षी सरळ कीबोर्डवर चिमटी सोडत होते. वर निरांजन ओवाळताना तुपाचा थेंब. ते सगळं फटींतून आत जाऊन पंख्यात घट्ट बसलं होतं. पंखा फिरेना. त्यात थंडीचे दिवस म्हणून चालू लॅपटॉपवर ते शाल पांघरायचे. डिस्क भाजून गेली बिचारी.

"पूजेनं गेली व्हय?" अप्पांनी विचारलं.

"पूजेनं नाही. कुंकवानं आणि शालीनं."

"कुंकू चांगल्यातलं होतं," अप्पा म्हणाले.

अशा माणसाशी काय बोलायचं? मी कामाचं विचारलं. "आत महत्त्वाचं काय होतं?"

"पत्ते."

"आणखी? फोटो, कागद, काही?"

"फोटो भिताडावर हायेत की."

"मग अप्पा, हे धूड ठेवताय कशाला? महेशनं नवा टॅब पाठवलाय ना तुम्हाला? तो काढा की बाहेर."

"ते लई चांगलं हाय," अप्पा म्हणाले. "त्याला कायबी होत न्हाई." तो टॅब कपाटात धोतराच्या घडीखाली खोक्यासकट पडून आहे, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा त्यांनी काढलेला नाही. मला वाटलं, जपून ठेवलाय. म्हाताऱ्या माणसांना नव्या वस्तू कपाटातच शोभतात असं वाटतं, त्यातलाच प्रकार.

"कवा हुईल?" त्यांनी विचारलं. "आइतवारच्या आत पायजे बगा. लेकरू येतंय ह्यात. आइतवार चुकला न पायजे."

लेकरू चाळिशीला टेकलंय. डोक्यावर केस राहिलेले नाहीत.

मी नव्या प्रकारची डिस्क काढून त्यांच्या हातात दिली. आत काही फिरत नाही, आवाज नाही, तापत नाही, अशी. अप्पांनी ती तळहातावर तोलली, अंगठा फिरवला, उलटीसुलटी केली. "लई पातळ हाय. अंगात सूत न्हाई हिच्या."

"सूत नाहीच. पण ही बिघडत नाही."

"बिघडत न्हाई?"

"नाही."

अप्पांचा चेहरा पडला. "मग जुन्या वाणाचीच बगा की एखादी. कुठंतरी पडलेली असंल."

मी म्हणलं, माझ्या दुकानात सडका माल मिळत नाही. आणि अप्पा पुढे काही बोलायच्या आत ती बसवून टाकली. पंखा धुतला, कुंकू झटकलं. मग महेशला फोन लावून त्याची ती आत शिरायची सोय परत करून घेतली. लॅपटॉप आता असा चालू व्हायला लागला की चहा सांगायलाच फुरसत नाही. मला माझ्याच कामाचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं की माझं तोंड सुटतं. मी महेशला म्हणलं, "दादा, आता तुम्ही निवांत राहा. मी आतून अशी कुलपं घातलीत की अप्पांनी ठरवलं तरी त्यांना काही बिघडवता येणार नाही."

"फार बरं केलंत ताई," महेश म्हणाला. "माझा दर रविवार त्यातच जायचा."

अप्पा तिथंच उभे होते. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि म्हणाले, आधी कपिलधारला स्वामींच्या समाधीपाशी नेऊन आणतो. नवी वस्तू स्वामींच्या पायावर घातल्याशिवाय ते वापरत नाहीत. खरोखर दुसऱ्या दिवशी एस.टी.त मांडीवर लॅपटॉप घेऊन गेले. आल्यावर मी घाबरून विचारलं, "तिथल्या धबधब्यापाशी नाही ना नेलात?"

"लांबूनच दाखवला," अप्पा म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. पहिली तक्रार, "लई लवकर चालू होतंय." मी म्हणलं, अप्पा, ह्याच्यासाठी लोक माझ्या हातापाया पडतात. दुसऱ्या आठवड्यात, "नुसतं पळायलंय. जरा थांबत न्हाई." तिसऱ्यांदा आले तेव्हा दुकान भरलेलं होतं आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ती जुनीच डिस्क परत घाला." गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. माझं डोकं सणकलं. मी म्हणलं, "अप्पा, ती मेलीय. मेलेलं मी परत बसवत नाही. तुमचा लॅपटॉप चांगला चाललाय, हे तुमचं दुखणं आहे. त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही."

अप्पा बाहेर गेले, पण घरी गेले नाहीत. पायरीवर बसून राहिले. गिऱ्हाइकं पांगली तेव्हा आत आले.

"माय, एक काम करा. ह्याला थोडं बिघडवून द्या."

"काय?"

"थोडंच. लेकराला दुरुस्त करता येईल एवढं."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"येतच न्हाई बगा तो आता," अप्पा म्हणाले. "आइतवारी फोन येतो. 'चालतंय ना अप्पा?' म्हणतो. चालतंय म्हणलं की, 'बरं मग, जेवत जा वेळेवर.' झालं, ठेवलं. आधी तास-तास असायचा. चिडायचा, पण असायचा."

"मग सांगायचं ना, बिघडलंय म्हणून. त्याला काय तिथून दिसतंय?"

"लेकराशी खोटं कशापायी बोलू?"

"आणि इतके दिवस तुम्ही मुद्दाम बिघडवत होतात, ते काय होतं?"

"ते खरंच बिघडलेलं असायचं की," अप्पा शांतपणे म्हणाले. "मीच बिघडवायचो. पण बिघडलेलं असायचं. आता कितीबी दाबा, तुमची कुलपं लागलीत."

"अहो, मग नुसतं बोला की त्याच्याशी. लॅपटॉपच कशाला लागतो मधे?"

"काय बोलू?" अप्पांनी टोपी काढली, परत घातली. "कापडातलं त्याला कळत न्हाई. त्याचं मला कळत न्हाई. मधी हे एक होतं."

मला राग आला. महेशचा आला. एवढं साधं पोराला सांगता येत नाही म्हणून अप्पांचा आला. आणि कुलपं घातलीत म्हणून फुशारकी मारणाऱ्या माझ्या तोंडाचा सगळ्यात जास्त आला. रडायला मला येत नाही, मला काम सुचतं. मी लॅपटॉप ओढला, घातलेली कुलपं एकेक काढली आणि पडदा उलटा करून ठेवला. लोकांची मशीनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. बिघडवून दिलेलं हे पहिलंच, पण तेही काम मी चोख केलं.

"आइतवारी तुमी घरी या," अप्पा म्हणाले. "त्यानं इचारलं, कसं झालं, तर मला खोटं येत न्हाई."

"आणि मला येतं?"

"तुमचं दुकान चालू हाय अजून," अप्पा म्हणाले.

रविवारी मी शिव्या देत गेले. सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन निवांत पडायचं सोडून ही नस्ती उठाठेव. अप्पा टोपी-शर्ट घालून तयार बसलेले. पलंगावर नवी चादर. त्या लॅपटॉपचा कॅमेरा कधीचाच गेलाय, महेशला खोलीतलं काहीही दिसत नाही. मी तसं म्हणाले. अप्पा म्हणाले, "असू द्या."

फोन लागला. "अप्पा, परत? ताई तर म्हणत होत्या आता काही होणार नाही म्हणून."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला. "माझ्याच कामात राहिलं होतं, दादा." हे वाक्य मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणलेलं नाही.

बाण हलला. अप्पा पुढे सरकले. पडदा उलटा आहे का सुलटा, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाण जाईल तिकडे त्यांचं बोट जात होतं, काचेला न लागता, वरच्यावर.

"हात लावू नका अप्पा," महेश सवयीनं म्हणाला.

"न्हाई लावत."

उलट्या पडद्यावर त्याला नेमकी जागा सापडेना. शोधता शोधता तो बोलत होता. खोकला कसाय, विचारलं. धाकटीनं शाळेत भाषण केलं आणि मधेच विसरली, ते सांगितलं. अप्पा हसले. "तूबी विसरला होतास," म्हणाले. "आन् स्टेजवरून थेट दुकानात पळून आलतास, ताग्यांच्या मागं लपायला." "हो का?" महेश म्हणाला. "मला आठवत नाही." मग अप्पांनी ते सगळं सांगितलं, कोणत्या रंगाच्या ताग्यांमागं, ते सुद्धा.

एवढ्यात पडदा सरळ झाला.

"झालं बघा, अप्पा. आता नीट आहे. ठेवू मग?"

अप्पांनी तोंड उघडलं. खोटं काही आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि बोट तसंच हवेत धरून माझ्याकडे बघत राहिले.

मी वाकले, कीबोर्डवर आवाज बंद करायचं बटण असतं ते दाबलं, आणि फोनकडे तोंड करून म्हणलं, "थांबा दादा. ह्याचा आवाज पण येईना झालाय."

"काय कटकट आहे," महेश म्हणाला. "थांबा, बघतो."

बाण परत हलला, आणि अप्पा मांडी घालून नीट बसले.