गुणाबाईचं बोरकूट आणि फत्तेरावाचं नाव

एका जंगलात गुणाबाई नावाची साळिंदर राहायची. कुठल्या जंगलात ते विचारू नका, पोरांनो. तिथल्यांना राग लवकर येतो.

गुणाबाई बोरं वाळवायची, कुटायची, मीठ-गूळ घालून पानाच्या पुड्या बांधायची. "गुणाबाईचं बोरकूट घ्याऽऽ!" अशी हाळी दिली की माकडंसुद्धा रांग लावायची. माकडं रांग लावतात, म्हणजे माल काय असेल!

एक दिवस बाजारात भली मोठी पाटी लागली. 'गुणाबाईचं बोरकूट'. पाटीखाली बसला होता फत्तेराव कोल्हा. त्याच्या पुडीत निम्मी माती.

"मेल्या, हे माझं नाव आहे!" गुणाबाईचे काटे उभे राहिले.

"होतं, मावशी. धंद्यासाठी आता मी नोंदवलंय."

गुणाबाई तडक नोंदणी कचेरीत गेली. तिथे सांबरसाहेब बसत. शिंगाच्या टोकाटोकाला शिक्के लटकलेले.

साहेब म्हणाले, "तुम्हाला हे नाव वापरता येणार नाही. तोंडानं उच्चारलंत, तरी तो वापरच."

"अहो, माझ्या आईनं ठेवलंय ते!"

"आईंनी नोंदवलं होतं का?"

घ्या! आता बारशाला पाळण्याशेजारी शिक्का घेऊन बसायचं का बाईनं?

गुणाबाई बाजारात मुकाट बसू लागली. हरणी यायची नि म्हणायची, "तुमचंही बरं दिसतंय हो, पण मला गुणाबाईचंच पाहिजे."

"अगं भवाने, मग मी कोण?"

"पाटी कुठंय तुमची?"

कुटून कुटून पंजे सोलले, आणि माल गेला उंदरांच्या पोटात. असंच चाललं असतं तर चूल विझली असती.

गुणाबाई पुन्हा कचेरीत गेली. "साहेब, 'फत्तेराव' हे नाव कुणी नोंदवलंय का?"

"नाही बुवा."

"मग ते माझ्या बोरकुटाला द्या."

साहेबांनी शिंग हलवलं. शिक्का बसला.

फत्तेराव पोट धरून हसला. "ठेव, म्हातारे! मला तुझंच नाव फळतंय."

मग त्याचं लग्न झालं. सगळ्या जंगलाला जेवण. नवी नवरी बिळाच्या तोंडाशी आली. नणंदांनी वाट अडवली. "नाव घे, मगच आत ये!"

नवरीनं लाजत तोंड उघडलं.

"थांबा!" पंगतीतून सांबरसाहेब ओरडले. तोंडात जिलबी होती, तरी पंगतीतल्या गुणाबाईकडे शिंग रोखून ओरडले. "ते नाव या बाईंच्या मालकीचं आहे. परवानगीशिवाय घेता येणार नाही."

नणंदा म्हणाल्या, नाव नाही तर आत नाही. साहेब म्हणाले, परवानगी नाही तर नाव नाही. वऱ्हाड उन्हात तापलं. नवरीचा बाप म्हणाला, "चल गं परत."

फत्तेराव गुणाबाईकडे धावला. "मावशी, माझं नाव!"

"आधी माझं."

साहेबांनी जिलबी गिळली आणि तिथल्या तिथे गुणाबाईचं नाव गुणाबाईला परत केलं. मग तिनं मान डोलावली. नवरी खणखणीत आवाजात म्हणाली,

"आंबटगोड बोरकूट चिमूट-चिमूट खाते,
गुणाबाईंच्या परवानगीनं फत्तेरावांचं नाव घेते!"

परवानगी तेवढ्या वेळेपुरतीच होती. फत्तेरावाचं नाव अजून गुणाबाईकडेच आहे. हळदीकुंकू आलं की त्याची बायको विचारायला येते, आणि जाताना दोन पुड्या घेऊन जाते. घ्याव्याच लागतात.

तात्पर्य: स्वतःच्या नावाची काळजी करत बसू नये. लबाडाचं नाव वेळेवर नोंदवून ठेवावं, आणि त्याच्या लग्नाला न चुकता जावं.