दिवंगत बार्नकोट चहाला येतात

नव्या बाकावर पांघरलेला टॉवेल थॉरगुडबाईंनी अलगद ओढला, पंधरा जणांनी हातमोजे घातलेल्या हातांनी दबक्या टाळ्या वाजवल्या, आणि क्लेमंट बार्नकोट यांना कळलं की आपण वारलो आहोत.

पितळी पाटीवर तसं स्वच्छ कोरलेलंच होतं. 'क्लेमंट बार्नकोट यांच्या स्मरणार्थ. या वनावर फार जीव होता.' चार कोपऱ्यांत चार स्क्रू. स्क्रूही पितळीच. कामात कुठे खोट म्हणून नव्हती, फक्त माणूस चुकला होता.

चूक कुणाची हे कळायला क्लेमंटना तीन सेकंद लागले. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. तिथे छत्री जमा होवो की कवळी, फॉर्मची पहिली ओळ भरणाऱ्याच्या नावाची असे. त्यामुळे 'टॅनर्स वुड मित्रमंडळा'चा बाकासाठीचा फॉर्म समोर आला तेव्हा हाताने आपण होऊन पहिल्या ओळीत 'क्लेमंट बार्नकोट' असं ठळक अक्षरांत लिहून टाकलं. खाली आणखी एका नावाची जागा रिकामी राहिली, तिथे बायकोचं नाव घातलं. मेव्हिस बार्नकोट. मेव्हिस जाऊन दोन वर्षं झाली होती. महिन्याभराने आमंत्रण आलं ते मेव्हिसच्या नावाने. त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. चष्मेवाला आणि फुलांच्या बियांची कंपनी अजून तिलाच पत्रं पाठवत होती. क्लेमंटनी उलट टपाली कळवलं, 'शनिवारी जरूर येईन. बार्नकोट.'

थोडक्यात, फॉर्मची पहिली ओळ गेलेल्या माणसासाठी होती, खालची बाक देणाऱ्यासाठी, आणि थॉरगुडबाईंच्या दफ्तरी नवरा गेलेला होता, बायको हयात.

आता हे सांगायला हवं होतं. सांगण्यासाठी क्लेमंटनी तोंड उघडलंही. पण आपल्या मरणाची बातमी पहिल्यांदाच वाचणारा माणूस एक पाऊल मागे सरकतोच. ते सरकले, आणि मागून आरोळी आली,

"पाय! पाय! पायाखाली बघा!"

क्लेमंटचा उजवा बूट पायवाट सोडून ब्लूबेलच्या फुलांत पडला होता. पंधरा जणांनी एकदम श्वास आत घेतला. बार्नकोट गेल्याचं कळल्यावरसुद्धा इतका घेतला नव्हता. टॅनर्स वुड म्हणजे जेमतेम साडेतीन एकरांची वनराई. मे महिन्यातले पंधरा दिवस तिथली जमीन निळी होते, आणि त्या पंधरा दिवसांत पायवाट सोडणाऱ्याशी लोअर पेनफोल्ड गावात पुढच्या मेपर्यंत कुणी हवापाण्याबद्दलसुद्धा बोलत नाही.

ओरडणारे नॉर्मन टप. वनातल्या वाटा राखायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं आणि त्याबद्दल गावाला वीस वर्षं पश्चात्ताप करायला लावला होता. "तीन गेली," ते वाकून फुलं मोजत म्हणाले. "चौथं वाचेल बहुतेक. वाचलं तर."

"माफ करा," क्लेमंट म्हणाले. "फार वाईट झालं."

तीन फुलं चिरडल्यावर लगेच 'आणि हो, मी जिवंत आहे' म्हणणं म्हणजे निर्लज्जपणाच. क्लेमंटनी ठरवलं, मिनिटभर जाऊ द्यावं.

त्या मिनिटात मिस लँगरिश पुढ्यात आल्या. हातात लिंबाच्या केकची बशी, डोळ्यांत पाणी. "तुम्ही त्यांचे भाऊ ना? मी लांबून पाहायची त्यांना दर वर्षी. चेहरा अगदी तोच हो!"

क्लेमंटच्या तोंडात नेमका केकचा पहिला घास होता. भरल्या तोंडाने बोलायचं नाही, हे त्यांना आईने वयाच्या चौथ्या वर्षी शिकवलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. ती 'नाही' म्हणून हलवायची होती, पण केक फार चांगला झाला होता, आणि मान वरखाली गेली.

"वाटलंच मला!" मिस लँगरिश म्हणाल्या. "आणि मिसेस बार्नकोट नाही आल्या?"

घास गिळून क्लेमंट म्हणाले, "तिला नाही जमलं."

"तब्येत बरी आहे ना?"

क्लेमंटनी खरं बोलायचा प्रयत्न केला. "आता काही त्रास नाही तिला."

"चला, बरं झालं. हे घ्या, त्यांच्यासाठी दोन तुकडे बांधून देते. त्यांना केक भारी आवडायचा. अर्धा स्वतः खायच्या, अर्धा रॉबिन पाखराला घालायच्या. तुम्हाला माहीत नसेल, पण आम्ही सगळे ओळखायचो त्यांना. नावानं नाही हो. आम्ही आपलं म्हणायचो, केकवाली बाई आली, म्हणजे ब्लूबेल फुलले."

क्लेमंटनी कागदात बांधलेला केक घेतला आणि कोटाच्या खिशात ठेवला.

हा बाक मेव्हिसचा होता. एकतीस वर्षं दर मे महिन्यातल्या एका शनिवारी दोघं बसने इथे यायची. पाऊस नाही असं म्हणता येईल इतपतच पाऊस असायचा, आजसारखा. बसायला जागा म्हणून एक पडलेलं बीच झाडाचं खोड, तेही बारमाही ओलं. मेव्हिस म्हणायची, "इथं एक बाक हवा बघ, क्लेम." आणि क्लेमंट म्हणायचे, "चल, बस चुकेल." तिने जन्मात नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नाही. जे मागितलं ते आता समोर उभं होतं, चांगल्या ओक लाकडाचं, आणि त्यावर नाव त्यांचं!

नाही, हे सांगायलाच हवं. त्यांनी बशी खाली ठेवली, घसा खाकरला.

"शांत व्हा मंडळी!" थॉरगुडबाई टाळी वाजवून म्हणाल्या. मित्रमंडळाच्या त्या चिटणीस. उंच, करड्या केसांच्या, आणि आवाज असा की वरच्या फांदीवरचं कबूतरही गप्प बसलं. "नॉर्मनना दिवंगतांविषयी दोन शब्द बोलायचेत."

"दोनच," कुणीतरी मागून पुटपुटलं.

नॉर्मन टप पुढे आले. "मी काही त्यांच्याशी कधी बोललो नाही," त्यांनी सुरुवात केली, "पण माणूस ओळखायला बोलावं लागत नाही. बार्नकोट शिस्तीचे. एकतीस वर्षांत पायवाट सोडली नाही पठ्ठ्यानं. नाहीतर घरचे लोक!" इथे त्यांनी क्लेमंटच्या बुटाकडे पाहिलं. "आता खोटं कशाला बोला, गृहस्थ जरा कावलेलेच असायचे. बायको बिचारी फुलं बघतेय, आणि हे आपले दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतायत. मी बायकोला म्हणायचो सुद्धा, अगं, हा माणूस फुलं बघायला आलाय की फुलांना हजेरी लावायला सांगायला आलाय?"

लोक हसले. क्लेमंटही हसले, कारण सगळे हसत असताना आपण गंभीर राहणं बरं दिसत नाही. मग अस्वस्थ झाला की माणूस जे नेहमी करतो ते त्यांनी केलं. डावी बाही वर सारून घड्याळ पाहिलं. तीन पस्तीस. बस चार दहाला.

"बघा!" नॉर्मन आनंदाने ओरडले. "घराण्यातच आहे ते!"

पुन्हा हशा. थॉरगुडबाई मात्र हसल्या नाहीत. हातातला कप बशीवर टेकवून त्या क्लेमंटच्या मनगटाकडे, मग चेहऱ्याकडे, मग पाटीकडे पाहत राहिल्या. आणि मग शांतपणे म्हणाल्या,

"आता मिस्टर बार्नकोट यांनी काही बोलावं, अशी मी विनंती करते."

पंधरा चेहरे वळले. क्लेमंट बाकाशेजारी उभे राहिले, पाय नीट पायवाटेवर आहेत ना ते पाहून घेतलं, आणि टोपी काढली. स्वतःसाठी टोपी काढावी की नाही याचा त्यांना क्षणभर प्रश्न पडला. पण काढली.

"क्लेमंट," ते म्हणाले, "माझ्या बऱ्यापैकी ओळखीचा होता."

"अर्थातच," मिस लँगरिश हुंदका देत म्हणाल्या.

"माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. पण या पाटीवर लिहिलंय की त्याचा या वनावर जीव होता. ते काही खरं नाही."

कुजबुज झाली. कपात चमचा पडल्याचा आवाज आला.

"जीव होता तो मेव्हिसचा. ती फुलं बघायची. हा, मिस्टर टप म्हणाले तसा, घड्याळ बघायचा. ती म्हणायची, क्लेम, दहा मिनिटं टेकू या. एकतीस वर्षांत तेवढी दहा मिनिटं काही यानं तिला दिली नाहीत. बस मात्र एकदाही चुकली नाही हो. एकदाही नाही. त्याचा अभिमान होता त्याला." त्यांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. "बाक तिला हवा होता. एवढंच सांगायचं होतं मला."

मिस लँगरिशनी भांडी पुसायच्या टॉवेलाला नाक पुसलं. नॉर्मन टप घसा साफ करून म्हणाले,

"ते सगळं ठीक आहे. पण सख्ख्या भावानं गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हो."

"त्याची काही हरकत नसेल," क्लेमंट म्हणाले.

समारंभ आटोपला. ओलं व्हायला सुरुवात झाली होती आणि केक संपला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या की लोअर पेनफोल्डमधली कुठलीही सभा आपोआप बरखास्त होते. माणसं थर्मास, डबे, घडीच्या खुर्च्या उचलून एकामागे एक, पायवाट न सोडता गेली. क्लेमंट पाटीकडे पाहत उभे राहिले. चार वाजायला आले होते. आता सांगायचं तर कुणाला सांगायचं?

"सरका जरा," मागून आवाज आला.

थॉरगुडबाई होत्या. त्यांनी हातपिशवीतून स्क्रू काढायचा पेचकस काढला, बाकासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि पहिला स्क्रू फिरवायला लागल्या.

"मेव्हिसना जाऊन किती दिवस झाले, मिस्टर बार्नकोट?"

क्लेमंट बाकावर बसले. "दोन वर्षं. जानेवारीत झाली."

"अरेरे. फार वाईट झालं. मी दोन वर्षं वाट पाहिली त्यांची. वाटलं, तुम्हाला बसची वेळ बदलून मिळाली असेल."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"घड्याळ पाहिलंत तेव्हा."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

बाईंनी पेचकस थांबवला. "अहो, पंधरा माणसं केक खात होती. त्यात मधेच तुम्ही जिवंत आहात असं जाहीर करणं बरं दिसलं असतं का?"

क्लेमंटनी नीट विचार केला. "नाही," ते म्हणाले. "ते खरंच."

"आणि तुम्ही का नाही बोललात?"

"फुलं चिरडली होती ना माझ्याकडून."

"हो, तेही आहेच." चौथा स्क्रू निघाला. बाईंनी पाटी हातात घेतली, कोटाच्या बाहीने पुसली.

"नवी पाटी करून देतो मी," क्लेमंट म्हणाले. "चूक माझीच."

"नवी कशाला? चांगलं पितळ आहे. हे बघा." त्यांनी पाटी उलटी केली. मागची बाजू लख्ख कोरी होती. "या बाजूला मेव्हिस कोरून घेते. पुढच्या शनिवारपर्यंत लागेल."

"आणि माझं?"

"तुमचं लाकडाकडे तोंड करून राहील आत, कुणाला दिसायचं नाही. काही वाया घालवायचं नाही, असा मंडळाचा नियम आहे. कधी ना कधी लागणारच आहे ते. लागलं की दोघांची नावं एकत्र करायची का पाटी पुन्हा उलटायची, ते तेव्हा बघू." बाईंनी पाटी आणि चार स्क्रू रुमालात बांधून पिशवीत ठेवले. "तुम्ही मात्र त्याची घाई करू नका."

कुंपणापलीकडच्या रस्त्यावर घरघर ऐकू आली. चार दहाची बस. क्लेमंट अर्धे उठले. गुडघ्यांना एकतीस वर्षांची सवय होती. मग त्यांनी मागे हात टेकून पाहिला. ओकचं लाकूड कोरडं होतं. झाडाखालची जागा निवडलेली दिसत होती. ते पुन्हा बसले, जरा डाव्या कडेला सरकून, आणि खिशातून केकची पुडी काढून उजवीकडच्या जागेवर उघडून ठेवली. बस थांबली. बस गेली.

"मी सोडते तुम्हाला गाडीनं," थॉरगुडबाई म्हणाल्या. "सावकाश. मला अजून कप मोजायचेत." आणि त्या मुद्दाम लांबच्या वाटेने निघून गेल्या.

समोर, झाडांच्या बुंध्यांपर्यंत सगळं निळं होतं. इतकं निळं होतं हे मेव्हिसने सांगितलं होतं बऱ्याचदा. पुडीशी एक रॉबिन येऊन बसला, त्याने एकदा क्लेमंटकडे पाहिलं, आणि हिशेबातला दुसरा माणूस कुठे आहे असा विचार केल्यासारखी मान वाकडी केली.

एवढ्यात पायवाटेवरून धापा टाकत नॉर्मन टप आले. त्यांचा थर्मास राहिला होता. बाकावर आरामात बसलेल्या क्लेमंटना बघून ते थबकले.

"अहो, बस गेली की तुमची!" ते म्हणाले. "तुमचे भाऊ असते तर नसती हो चुकली."

"खरंय," क्लेमंट केकचा एक चुरा पाखरापुढे सरकवत म्हणाले. "पण तो गेला ते बरंच झालं."