तांबूच्या शेपटीची माशी

तांबू गायीने दुधाच्या चरवीला लाथ मारली, तेव्हा परशुरामभाऊ घरापुढच्या खळ्यात बसून माशी बांधत होते.

खरी नव्हे, माशाला भुलवायची, गळावरची. तीस वर्षं सातबारे लिहून निवृत्त झालेल्या भाऊंना मोबाईलवरच्या व्हिडिओत एक परदेशी म्हातारा भेटला होता. तो गळाभोवती वासराच्या शेपटीचे केस दोऱ्याने गुंडाळी, आणि ती माशी पाण्यावर अशी अलगद तरंगे की भाऊंची तंद्रीच लागे. धामापूरच्या अलीकडे, त्यांच्या बागेमागून व्हाळ वाहतो. त्याच्या कोंडीत, खोल डोहात, दुपारी माडांच्या सावल्या हलतात. तिथे आपली माशी तरंगतेय आणि तळातून एक मासा हळूच वर येतोय, हे स्वप्न ते उघड्या डोळ्यांनी बघत. स्वतःच्या हाताने आयुष्यात एवढं एकच काहीतरी करायचं होतं बिचाऱ्यांना!

वासरू घरी नव्हतं, गाय होती. तिच्या शेपटीचा गोंडा पांढराशुभ्र. पहिली माशी बुडाली, दुसरी कलंडली, तिसरी हातातच सुटली, आणि आठवडाभरात गोंडा संपला. खऱ्या माश्या हाकायला तांबूकडे काही उरलं नाही. ती लाथा झाडू लागली, दूध आटलं.

"केस न्हेल्यान आणि करणी केल्यान!" भाऊंच्या बायकोने, सुगंधावहिनींनी, शेजारच्या हौसाबाईवर ठपका ठेवला. "परवा ताक मागूक इल्ली, मी नाय म्हटलंय."

"गो, केस झडले असतीत."

"कात्रीन कातरल्यासारखे झडतत?"

भाऊंनी कात्री हळूच मांडीखाली सरकवली. वहिनींनी देवाला गाऱ्हाणं घालायला गावातल्या दाजींना बोलावलं. हौसाबाईही आली, आपण निर्दोष आहोत हे देवासमोर दाखवायला. दाजींनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! जेणा कोणी ह्या गायीची शेपटी कातरल्यान, तेका वठणीर हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. भाऊंचा आवाज जरा खोलातून आला.

"तेचे हात लुळे पडांदेत रे म्हाराजा!"

भाऊंच्या मुठीत चौथी माशी होती. त्यांनी हौसाबाईकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती. त्यांना फार वाईट वाटलं.

"दाजी, थांब. ते हात माझेच आसत."

मूठ उघडली. वहिनींनी माशी चिमटीत धरून उलटसुलट पाहिली.

"ह्येच्यासाठी?"

"पाण्यार तरंगता गो."

"चला, बगुया. हौसा, तूय चल. माझा चुकला गो बाय."

गाऱ्हाणं अर्धवट टाकून मंडळी कोंडीवर गेली. भाऊंनी गळ टाकला. माशी पाण्यावर बसली आणि खरंच तरंगली! सावल्या हलत होत्या, ती त्यांच्यातून सावकाश पुढे जात होती. दाजींनी जोडलेले हात अजून खाली सोडले नव्हते. मग पाणी हळूच फुगलं आणि माशी नाहीशी झाली.

भाऊ बघतच राहिले.

"अहो, वडा! वडा!" वहिनी ओरडल्या. भाऊंनी ओढलं, तोवर दोरी मोकळी झाली होती. मासाही गेला, माशीही गेली.

"केवढो होतो?" हौसाबाईने विचारलं.

भाऊ प्रामाणिक माणूस. त्यांनी दोन हातांत वीतभर अंतर धरलं. वहिनींनी त्यांची दोन्ही मनगटं पकडली आणि ते अंतर चांगलं हातभर केलं.

"एवढो होतो, मी बघलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या तांबूच्या शेपटीक काय वीतभर मासो येतलो?"