खिळ्यावरचा प्रबंध

मंगळवारी दुपारी तीनला, म्हणजे अंधार पडता पडता, बसुंधरा शाक्य ग्रंथालयाच्या जिन्यापाशी आली आणि जागच्या जागी थबकली. समोरच्या लाकडी फळीवर एक कोरं करकरीत पुस्तक टांगलं होतं, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यातून बोटभर लांबीचा खिळा आरपार गेला होता.

नेपाळातल्या पाटणहून संशोधनासाठी आलेल्या या बाईचा जन्म जुन्या पोथ्या दुरुस्त करण्यात गेला होता. उत्तर स्वीडनमधल्या या विद्यापीठात तिला अकरा दिवस झाले होते आणि अकराही दिवस ती थक्क होत होती. इथं नदी गोठली की लोक तिच्यावरून चालत कामावर येत. कोट बाहेर खुंटीला अडकवून दिवसभर विसरून जात आणि संध्याकाळी तो तिथंच सापडे. विभागप्रमुखांना सगळे नावानं हाक मारत आणि त्या आपला कप आपण विसळत. अशा देवमाणसांच्या देशातही पुस्तकाला खिळा ठोकणारा कुणी निघावा, याचं तिला फार वाईट वाटलं. नक्कीच कुणीतरी डूख धरून केलेलं काम. बोभाटा केला तर लिहिणाऱ्याचीच शोभा होणार. तिनं इकडंतिकडं पाहिलं, हलवून हलवून खिळा उपसला, पुस्तक शालीत गुंडाळलं आणि घर गाठलं.

पुस्तक म्हणजे विभागातल्या हियाल्मार एडक्विस्टचा इंग्रजीत लिहिलेला डॉक्टरेटचा प्रबंध. दलदलीतलं शेवाळ, दोनशे बारा पानं, सहा वर्षांची मेहनत. बसुंधरानं नेपाळी कागदाचा लगदा भिजवला, गव्हाची खळ शिजवली आणि एकेका पानाचं भोक बुजवायला बसली.

इकडं बुधवारी सकाळी फळी रिकामी दिसली. विभागाचं कार्यालय एकतीस वर्षं सांभाळणाऱ्या गुनवोरनं सगळ्यांना ई-मेल पाठवली की प्रबंध कुणाच्या उपयोगी पडला असेल तर आनंदच आहे, परत आला तर अधिक आनंद होईल. गुरुवारी तीच ई-मेल पुन्हा आली, शेवटी हसरा चेहरा काढून. गुनवोरला ओळखणाऱ्यांना त्या चेहऱ्यावरून कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलं आहे. बसुंधरालाही दोन्ही मिळाल्या, पण स्वीडिशमध्ये. गुनवोरच्या ई-मेल एरवी भांडी धुण्याच्या यंत्राबद्दल असत, म्हणून तिनं आपला कप दोनदा घासला.

हियाल्मारनं दोन दिवसांत चार शब्द उच्चारले. एरवीही तो सहाच उच्चारायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी कॉफीच्या वेळी सगळे जमले असताना बसुंधरा लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक घेऊन आली. तिनं ते दोन्ही हातांनी हियाल्मारपुढं धरलं आणि हळू आवाजात सांगितलं, की तुमच्या वैऱ्यानं केलं ते केलं, मी कुणाला बोलले नाही, आता काही दिसत नाही.

हियाल्मारनं फडकं सोडलं.

"खिळा मीच ठोकला होता," तो म्हणाला.

"तुम्ही? स्वतःच्या पुस्तकाला?"

"सगळे आले होते. टाळ्या वाजवल्या."

"आणि विभागप्रमुख?"

"तिनंच हातोडा दिला."

बसुंधरा खुर्चीत बसली. मग गुनवोरनं तिला समजावलं. इथं प्रबंध असाच जाहीर होतो. परीक्षेआधी तो तीन आठवडे सलग फळीवर राहायला हवा, नाहीतर परीक्षा पुढं जाते. परीक्षक बर्गेनहून यायचे होते, त्यांना पुन्हा मेपर्यंत सवड नव्हती. आणि हियाल्मारला किरुनाला मिळालेली नोकरी मार्चच्या एक तारखेची होती, हातात पदवी असेल तर.

"दिदी, मी त्याची नोकरी घालवली," बसुंधरा म्हणाली.

कुणी तिला दोष दिला नाही. सगळे आपापल्या कपात पाहू लागले, आणि ते दोष देण्याहून वाईट होतं. गुनवोर उठली, नियमांची फाईल घेऊन आली आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागली. प्रबंध तीन आठवडे लोकांना वाचण्यासाठी उपलब्ध असावा.

"मग वाचला की मी," बसुंधरा पुटपुटली.

"किती?"

"सगळा. एक पान वाळेपर्यंत दुसरं काय करणार? मागची संदर्भयादीसुद्धा."

गुनवोरनं चष्मा काढला. तिच्या देखत त्या फळीवर दोनशेच्या वर प्रबंध ठोकले गेले होते. येता-जाता लोक थांबत, मुखपृष्ठ पाहत, छान आहे म्हणत आणि जेवायला जात. उघडलेला तिनं एकही पाहिला नव्हता.

"एकतीस वर्षांत हा नियम पहिल्यांदा कुणीतरी पाळला," ती म्हणाली. नोंदवहीत तिनं लिहिलं: 'प्रबंध तीन दिवस वाचकाकडे होता.' तारीख घातली, सही केली. परीक्षा ठरल्या दिवशीच होईल, असं सांगून तिनं वही मिटली.

आता पुस्तक पुन्हा ठोकायचं राहिलं होतं. सगळे जिन्यापाशी गेले. हियाल्मारनं खिळा कोपऱ्याशी धरला आणि जुनं भोक शोधू लागला. सापडेना. पान दिव्यासमोर धरलं, अंगठा फिरवला. कागद असा अखंड होता, की जणू झाडावरून तसाच उतरला असावा. त्यानं हातोडा विभागप्रमुखांना दिला. त्यांनी तो गुनवोरकडं दिला. गुनवोरनं तो उचलला आणि तशीच उभी राहिली.

"नियमात खिळा फळीत असावा एवढंच आहे," शेवटी ती म्हणाली, आणि कोटाच्या खिशातून दोरा काढला.

दोऱ्यानं बांधलेलं पुस्तक फळीवर हलकेच झुललं. मंडळी पांगली. हियाल्मार मात्र बूट घासत तिथंच घुटमळत राहिला. त्याच्या मार्गदर्शकानं प्रबंध चाळला होता. आईनं आभाराचं पान तेवढं वाचलं होतं, आणि तेही आपलं नाव येईपर्यंत.

"चौथं प्रकरण," तो म्हणाला, "तुला... कसं वाटलं?"

बसुंधरानं पिशवीतून चिठ्ठ्यांचा जाड गठ्ठा काढला. "चौथ्यावर सतरा शंका आहेत. पण आधी दुसऱ्यातला तो आलेख मला चुकलेला वाटतो."

हियाल्मारनं आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसासाठी खुर्ची ओढली, आणि मग स्वतःसाठी दुसरी.

"पहिल्या पानापासून सांग," तो म्हणाला. "सावकाश."